तिच्या वेगळ्या हमीपत्रावर मी सही करणार नाही

राज्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि सहलीची जुळवाजुळव करणारे सर्व शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या आगारात शाळांची माणसं चकरा मारू लागतात. सहलीसाठी प्रासंगिक कराराची गाडी हवी असते. कुणाला रायगड-प्रतापगड करायचं असतं, कुणाला पन्हाळा-जोतिबा, कुणाला कोकण. मी एसटीत वाहक आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात 14 वर्षं झाली. सहलीची गाडी पहाटे पाचला शाळेपुढे लागते तेव्हा पोरं कधीची येऊन थांबलेली असतात. केसांना तेल, पाठीला सॅक, आईनं बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गाडी गावाची वेस ओलांडायच्या आत निम्मे डबे उघडलेले असतात. ही ड्यूटी मला मनापासून आवडते.

माझी मुलगी आठवीत आहे. ती सातव्या महिन्यात जन्मली आणि डोळ्यांच्या पडद्यांचा आजार होऊन दृष्टी गेली. तिला अजिबात दिसत नाही. पहिलीपासून गावातल्या साध्या मराठी शाळेत, चारचौघा मुलांबरोबर शिकते. ब्रेल वाचते, तोंडी हिशेब माझ्यापेक्षा लवकर करते आणि वर्गात कोण आलं कोण नाही हे बाईंनी हजेरी घ्यायच्या आधी सांगते.

मागच्या आठवड्यात तिच्या दप्तरातून दोन कागद आले. पहिला सगळ्या मुलांच्या पालकांसाठीचा, चार ओळींचं संमतीपत्र. दुसरा फक्त माझ्यासाठी. पाल्याच्या दिव्यांगत्वामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही प्रसंगास शाळा जबाबदार राहणार नाही, असं हमीपत्र स्टॅम्पपेपरवर करून द्यायचं. आणि खाली एक ओळ, पाल्यासोबत आई किंवा वडील यांनी सहलीला येणं बंधनकारक.

हे पत्र मी त्या एका शाळेला लिहीत नाही. त्या शाळेनं माझ्या लेकीला प्रवेश दिला, शिकवलं, त्याची मला जाण आहे. पण गेल्या दोन वर्षांत मी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या बऱ्याच आयांशी बोलले. कुणाचा मुलगा वॉकर घेऊन चालतो, कुणाच्या मुलीला ऐकू येत नाही, कुणाचं लेकरू मतिमंद आहे. सगळीकडे हाच कागद निघतो, नाहीतर कागदाचीही गरज न ठेवता यादीतून नावच गळतं. म्हणून सगळ्यांना मिळून लिहिते.

मागच्या वर्षी आमचंही नाव असंच गळलं होतं. सातवीची सहल रायगडला निघाली, यादी लागली, तिचं नाव नाही. मी भेटायला गेले. मला खुर्ची दिली, चहा दिला. बोलणं अगदी आपुलकीचं होतं. "ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. काही कमीजास्त झालं तर तिची जबाबदारी कोण घेणार? आणि खरं सांगू का, एवढं वर नेऊन तिला दिसणार काय?"

मला उत्तर देता आलं नाही. चहा पिऊन घरी आले. सहलीच्या दिवशी पहाटे ती अंथरुणात उठून बसली होती. आमचं घर रस्त्याकडेला आहे. लाल गाडीचा आवाज तिला इतर गाड्यांतून वेगळा ओळखता येतो, आईची गाडी म्हणून लहानपणापासून कान लावून बसायची सवय. गाडी वळणावरून गेली. "गेली," एवढंच म्हणाली आणि परत आडवी झाली.

फेब्रुवारीत माझ्या साप्ताहिक सुट्टीला जोडून एक रजा टाकली आणि आम्ही दोघीच रायगडला गेलो. महाडहून पाचाडची गाडी, तिथून वर. तिच्या हातात तिची पांढरी काठी. चढताना काठी उभी धरायची, टोक पुढच्या पायरीला टेकलं की पायरी किती उंच हे हाताला कळतं. गडाच्या पायऱ्या काही एकसारख्या नाहीत, कुठं गुडघ्याएवढी, कुठं चार बोटं. पहिल्या शंभरएक पायऱ्या तिनं मोजल्या, मग मोजणं सोडून दिलं. माझा हात मागितला तेव्हा दिला, तिनं सोडला तेव्हा सोडला. एका ठिकाणी खड्यावरून पाय सरकला आणि गुडघ्यावर आपटली. मी धावले. ती म्हणाली, "थांब, मला बघू दे काय झालंय," आणि स्वतः हात लावून रक्त आहे का चाचपलं. थोडं होतं. पाण्यानं धुतलं, निघालो. वर पोचायला साडेतीन तास लागले. येताजाता माणसं "अगं बाई, हिला कशाला आणलं" म्हणत होती, तीही तिनं ऐकली.

वर गेल्यावर तिला नगारखान्याच्या दारात उभं केलं आणि मी सिंहासनाच्या जागेकडे चालत गेले. मध्ये दोनशे फुटांच्या आसपास अंतर असेल. आडवार होता, गर्दी नव्हती. तिथं उभी राहून मी शेजारच्याशी बोलावं तितक्या हळू आवाजात म्हटलं, "भूक लागली का गं?"

नगारखान्यातून आरोळी आली, "लागली!"

मग तिनं मला हलूच दिलं नाही. कागद फाड म्हणाली, फाडला, तिला ऐकू गेला. बांगड्या वाजव म्हणाली, त्याही गेल्या. मग आम्ही जागा बदलल्या. ती सिंहासनाकडून काय काय बोलली ते मला निम्मंच कळलं, कारण माझे कान तिच्याइतके तयार नाहीत. महाराजांच्या दरबारात लांब उभ्या असलेल्या माणसाचंही म्हणणं पोचावं अशी ती जागा बांधलेली आहे. वर्गात तिनं हे सांगितलं तेव्हा मैत्रिणींना खरं वाटेना. त्या डिसेंबरात तिथंच उभ्या राहून आल्या होत्या, गलक्यात कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं.

तिला दिसणार काय, या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. उशिरा देते आहे, माफ करा.

आता दुसऱ्यांकडे बोट दाखवायच्या आधी माझं सांगते, कारण नऊ वर्षं मीही तुमच्यासारखीच होते. किंबहुना तुमच्यापेक्षा जास्त. तिला मी जमिनीवर पाय टेकू दिला नाही म्हटलं तरी चालेल. भरवायची मी, वेणी मी घालायची, अंगणात न्यायचं तर कडेवर. ड्यूटीवर जाताना सासूबाईंना बजावून जायची, हिला उंबऱ्याबाहेर सोडू नका. गटसाधन केंद्रातून एक विशेष शिक्षक आमच्याकडे येऊ लागले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, चला, आपण अंगणात जाऊ. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. लेक उंबऱ्यावर आली आणि तिथंच खाली बसली. मला हाक मारून म्हणाली, "आई, इथून पुढं काय आहे?"

नऊ वर्षांची पोर, त्याच घरात वाढलेली, आणि तिला स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्या माहीत नव्हत्या. कारण त्या पायऱ्यांवरून तिला रोज मी उचलून नेत होते. तो दिवस आठवला की आजही घशात दाटून येतं. तिला पायऱ्या कळल्या नाहीत, त्याला डोळे कारण नव्हते. मी कारण होते.

मग सर आठवड्यातून दोनदा येऊ लागले. काठी छातीच्या हाडापर्यंत येईल इतकी लांब घ्यायची. मनगट पोटासमोर मध्यावर ठेवायचं. डावा पाय पुढं पडतो तेव्हा काठीचं टोक उजवीकडे टेकवायचं आणि उजवा पडतो तेव्हा डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधी तपासून झालेली असते. ऐकायला सोपं वाटतं. हात आणि पाय यांचा मेळ बसायला तिला अडीच महिने लागले. पुढं घरापासून किराणा दुकानापर्यंतचा रस्ता. अंतर अडीचशे पावलं असेल. पण त्यात उघडं गटार, दोन वळणं, एक पिठाची गिरणी, जिच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, आणि कुठेही उभ्या केलेल्या मोटारसायकली. काठी जमिनीवरचं सांगते, कमरेवरचं सांगत नाही. एका गाडीचं हँडल तिच्या हनुवटीला लागलं, तीन टाके पडले.

त्या रात्री घरात फार बोलणं झालं. सासूबाई रडल्या. "देवानं एक दुःख दिलंय ते पुरे नाही का, तुला अजून हवंय का," असं मला म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. आठ-दहा दिवस काठी कोपऱ्यात पडून राहिली. मग एका दुपारी लेकीनंच ती काढली. एक हात चेहऱ्यासमोर आडवा धरून चालायचं तिला सरांनी शिकवलं होतं, ते आता तिला पटलं होतं. मी वीस पावलं अंतर ठेवून तिच्या मागे निघाले, तिला कळू न देता. गिरणीच्या अलीकडे ती थांबली. मागे न वळता म्हणाली, "आई, तुझी डावी चप्पल वाजते. तू घरी जा."

मी घरी गेले. ती परत येईपर्यंतची वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वीस मिनिटं होती. ती अर्धा किलो साखर आणि सुटे पैसे घेऊन आली. दोन रुपये कमी होते. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनंच मागून घेतले.

सरांनी मला एक शब्द सांगितला होता. अमेरिकेतल्या रॉबर्ट पर्स्के नावाच्या गृहस्थांनी 1972 मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांबद्दल लिहिताना तो मांडला. मराठीत जोखमीचा सन्मान म्हणता येईल. म्हणणं एवढंच, की माणसाला माणूस मानायचं तर चुकण्याचा, पडण्याचा त्याचा वाटाही त्याला द्यावा लागतो. तो काढून घेतला तर त्याचा मान राहत नाही. मला तेव्हा हे पुस्तकी वाटलं होतं. साखरेच्या दिवशी कळलं.

आमच्या गाडीला एक गृहस्थ रोज असतात. पूर्ण अंध, वय पन्नाशीच्या पुढं, जिल्ह्याच्या गावी बँकेत नोकरी. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत आहे, पण ते कार्ड पुढं करायच्या आधी माझी खुशाली विचारतात. गाडी कुठं आली हे त्यांना कधी सांगावं लागत नाही. वळणं, पुलावरचा बदललेला आवाज, उसाच्या गुऱ्हाळाचा वास, यावरून तेच शेजारच्याला सांगतात, उठा, तुमचा थांबा आला. ते दहा वर्षांचे असताना वसतिगृहात गेले आणि अकराव्या वर्षी शिक्षकांनी त्यांना एकट्याला बसस्टँडवर पाठवलं. चुकले, भलत्याच गाडीत बसले, रात्री दहाला परत पोचले. ती गोष्ट ते अजून हसत हसत सांगतात.

माझ्या माहेरच्या गावात त्यांच्याच वयाचे आणखी एकजण आहेत. तेही जन्मांध. आईचा फार जीव, कुठं पाठवलं नाही, कशाला हात लावू दिला नाही. आई होती तोवर सगळं ठीक होतं. ती जाऊन बारा वर्षं झाली. आता ते ओट्यावर बसलेले असतात. भावजय दोन वेळचं ताट आणून ठेवते, संडासला न्यायला पुतण्याची वाट बघावी लागते. माणूस हुशार आहे, रेडिओवरचं सगळं पाठ. त्यांना आयुष्यात एकदाही खरचटलं नाही. त्या आईनं मायेपोटीच केलं सगळं, म्हणून मला त्यांच्याकडे बघवत नाही. मी त्याच वाटेवर होते.

मुलगी आहे म्हणून भीती दुप्पट, हे मला वेगळं सांगायला नको. मीही बाई आहे आणि दिवसभर गर्दीत उभी असते. पण या भीतीचा आपण उलटा अर्थ लावलाय. आपल्याकडे अंध मुलगी दिसली की जो येतो तो तिला दंडाला धरून ओढत नेतो. विचारत नाही. भल्या हेतूनं नेतो. लहानपणापासून कुणीही यावं आणि तिला धरून हलवावं, अशीच सवय लागली, तर वाईट हेतूनं धरणाऱ्याला "हात सोड" म्हणायचं तिला सुचेल कुठून? माझ्या लेकीला शिकवलंय, कुणाची मदत घ्यायची तर त्याचं कोपर तू धरायचं, त्यानं तुझा हात धरायचा नाही. तू अर्धं पाऊल मागं चालायचं, म्हणजे तो कुठं वळतो, कुठं उतरतो ते कळतं. आणि नको असेल तर मोठ्यानं नको म्हणायचं. मागं एका पाहुण्यांना ती असं म्हणाली, ते दुखावले. दुखावू देत.

आता तुमची बाजू. ती मला कळत नाही असं समजू नका. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची 14 मुलं बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि व्हायलाच हवे होते. काही झालं की पहिलं बोट मुख्याध्यापकांकडे आणि सोबतच्या शिक्षकांकडे जातं. चाळीस पोरांमागे तीन-चार शिक्षक, त्यातले एक गाडी लागल्यामुळे खिडकीशी बसलेले. हे मी गाडीत प्रत्यक्ष पाहिलंय. पण मुरुडहून शिकायचं ते सगळ्याच मुलांसाठी आहे. भरतीची वेळ बघा, जिथं स्थानिक माणूस नको म्हणतो तिथं पाण्यात उतरू नका, डोकी मोजा. दिसणाऱ्या मुलाला जो कडा धोक्याचा, तो माझ्या मुलीलाही धोक्याचा. तिथं दोघांनाही नाही म्हणा, मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. माझं म्हणणं आहे ते बाकीच्या जागांबद्दल. तिथं सगळ्यांना हो असतं आणि तिला एकटीला नाही असतं.

कायदाही हेच सांगतो. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून देशभर लागू आहे. त्याच्या कलम 16 मध्ये शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीनं द्याव्यात असं म्हटलंय. सहल यात येत नाही असं कोण म्हणेल? लागेल ती वाजवी सोय करून द्यायची जबाबदारीही त्याच कायद्यात आहे. भारतानं 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर दिव्यांग मुलांच्या वाढत जाणाऱ्या क्षमतांचा आदर करा, असे शब्द आहेत. वाढत जाणाऱ्या! सातवीतली मुलगी आठवीत गेली की तिचं वय वाढतं तसं तिला झेपणारं ओझंही वाढतं. आपण मात्र तिला पहिलीत जिथं बसवलं तिथंच बसवून ठेवतो.

आणि हे फक्त सहलीपुरतं नाही. पीटीच्या तासाला वॉकरवाल्या मुलाला झाडाखाली दप्तरं राखायला बसवतात. चेंडू त्याच्याकडे आला तर तो वॉकरनं तटवतो, मी पाहिलंय, त्याला गोलकीपर करा. प्रयोगशाळेत माझ्या मुलीला दाराशी खुर्ची मिळते, काचेचं सामान आहे म्हणून. घरी ती गॅस पेटवून चहा करते. लायटर आधी लावायचा, मग बटण फिरवायचं. दूध वर येताना भांड्याचा आवाज जाड होतो, तो ऐकून ती गॅस बारीक करते. दोनदा चटका बसलाय. मला तर स्वयंपाक शिकताना किती बसले त्याची गणती नाही. 26 जानेवारीच्या लेझीममध्ये तिला घेतलं नाही, कुणाला लागेल म्हणून. लेझीम म्हणजे ठेका आणि ठेका म्हणजे कान. दोन हात अंतर ठेवून कडेला उभी केली असती तर ती चुकली नसती.

तुम्ही म्हणाल, सगळीच मुलं अशी नसतात. खरंय. मतिमंद मुलीला एकटीला बाजारात धाडा असं मी म्हणत नाही. पण तिच्या हातात दहाची नोट देऊन पेन्सिल आणायला शाळेच्या दारातल्या दुकानात पाठवता येतं, आणि दहा रुपये हरवले तर हरवले. पायरी प्रत्येकाची वेगळी असेल. प्रत्येकाला एक तरी असावी.

मुंबईच्या जिया राय या मुलीबद्दल तुम्ही वाचलं असेल. तिला ऑटिझम आहे. वडील नौदलात. 2021 मध्ये तिनं वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत 36 किलोमीटर अंतर पोहून कापलं आणि जुलै 2024 मध्ये, सोळाव्या वर्षी, इंग्लिश खाडी 17 तास 25 मिनिटांत पार केली. त्या खाडीत पोहणाऱ्यासोबत एक होडी सतत असते. वाट दाखवते, काठीला बांधून खायला-प्यायला देते, हवा बिघडली तर परत आणते. पण पोहणाऱ्याला स्पर्श करायचा नाही. कुणी हात लावला की ते पोहणं बाद. हा नियम वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला. शाळांकडून मला नेमकी अशी होडी हवी आहे.

माझी मुलगी विक्रम करणार नाही. तिला पोहताही येत नाही. पदक मिळवणाऱ्या दिव्यांगांचे सत्कार आपण हौसेनं करतो, त्यांचे फोटो वर्गात लावतो, आणि त्याच वर्गातल्या मुलीला जिना एकटीनं उतरू देत नाही. तिला गावच्या बाजारातून स्वतःची भाजी निवडून आणता यावी, भाव करता यावा, बारावीनंतर पुण्याला एकटीनं जाता यावं, एवढंच मला हवंय. मुलींना एसटीचा शाळेचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. तो पास वापरून ती तालुक्याच्या कॉलेजला जाईल. त्या आधी चार वेळा चुकून भलत्या थांब्यावर उतरली तर बरंच होईल. आता चुकली तर मी आहे, तिचे शिक्षक आहेत.

म्हणून वेगळ्या हमीपत्रावर मी सही करणार नाही. चार ओळींचं संमतीपत्र सगळ्या आयांसारखं मी भरून पाठवलंय. तिचा गुडघा फुटला, कोपर सोललं, तर मी भांडायला येणार नाही, हे या पत्रात सगळ्यांदेखत लिहून देते. निष्काळजीपणा झाला तर येईन, आणि तो कुठल्याही मुलाच्या बाबतीत झाला तरी येईन.

सोयी म्हणाल तर फार नाहीत. निघायच्या आधी जागा कशी आहे ते तिला सांगा, पायऱ्या किती, कठडा कुठं, पाणी कुठं. तिची काठी कुणी काढून घेऊ नये, गर्दीत अडचण होते म्हणूनसुद्धा नाही. जोडीला एकच मैत्रीण दिवसभर बांधू नका, ती पोरगी कंटाळते आणि हिला ओझं झाल्यासारखं वाटतं. ठिकाणागणिक जोडी बदला. आणि काय झेपेल, काय नाही, हे आधी तिला विचारा, मग मला. तेरा वर्षांची आहे, सांगते नीट. नाही जमणार तिथं ती स्वतःच नाही म्हणते. पालीच्या यात्रेत एवढ्या गर्दीत तिनं स्वतःहून मागं थांबायचं ठरवलं होतं, मी नेत होते तरी.

आई सोबत हवी, ही अट तेवढी काढाच. सहलीला आई घेऊन गेलेली मुलगी सहलीला गेलेली नसते. मैत्रिणींच्या गुजगोष्टी आई जवळ आली की थांबतात. मागच्या बाकावरची गाणी तिच्या वाट्याला येत नाहीत. रात्री मुक्कामाला सगळ्या जणी एका सतरंजीवर झोपतात आणि ही आईजवळ. मी गेले तर ती सुरक्षित राहील, मला ठाऊक आहे. तरी मी येणार नाही.

यंदा सहल औंध, पंढरपूर आणि सोलापूरची आहे, दोन दिवसांची. गाडी आमच्याच आगाराची जाईल. त्या गाडीवर माझी ड्यूटी लावू नका, असं मी कंट्रोलर साहेबांना आजच सांगून ठेवलंय.

आपली विश्वासू,
एक आई, एसटी वाहक